क्लिक येतात, चौकशी येत नाही: पुन्हा पुन्हा होणारी ही गळती शोधायची कुठे?

लक्षणं साधारण अशी असतात. जाहिरात सुरू केली की पहिले काही दिवस बरे जातात. फोन वाजतो, फॉर्म भरले जातात. मग ओघ आटतो. ॲड्स मॅनेजर (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती चालवायचं पान) उघडून पाहिलं तर क्लिक जवळपास तेवढेच, खर्चही तेवढाच, पण पलीकडून कोणी बोलत नाही. मग फोटो बदलला जातो, मजकूर बदलला जातो, बजेट वाढवलं जातं. पुन्हा चार दिवस हालचाल, पुन्हा सामसूम.

हा फेरा सुटत नाही, कारण दर वेळी दुरुस्ती होते ती जाहिरातीची. ती समोर दिसते, बदलायला दोन मिनिटं लागतात आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. क्लिकपासून चौकशीपर्यंत मात्र पाच-सहा सांधे असतात आणि त्यातला कुठलाही निखळलेला असू शकतो. म्हणून तपासणी उलटी करायची. चौकशी जिथे येऊन पडायला हवी तिथून सुरुवात करून मागे मागे जाहिरातीपर्यंत यायचं. आणि हे होईपर्यंत कॅम्पेनला, म्हणजे चालू जाहिरात मोहिमेला, हात लावायचा नाही.

हात न लावण्यामागे तांत्रिक कारणही आहे. मेटावर (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर) ॲड सेट (एकाच प्रेक्षकासाठी, एकाच बजेटवर चालणाऱ्या जाहिरातींचा गट) नवा असतो किंवा त्यात मोठा बदल होतो, तेव्हा तो ‘लर्निंग फेज’मध्ये जातो. जाहिरात कोणाला दाखवल्यावर काम होतं हे यंत्रणा तेव्हा चाचपत असते आणि त्यासाठी तिला आठवड्याभरात साधारण ५० निकाल लागतात. निकाल म्हणजे तुम्ही निवडलेली घटना: फॉर्म, खरेदी, जे काही असेल ते. टार्गेटिंग (जाहिरात कोणाला दाखवायची ती निवड), क्रिएटिव्ह (जाहिरातीतला फोटो, व्हिडिओ, मजकूर) किंवा ही घटना बदलली, बजेटमध्ये मोठी उडी मारली, की चाचपणी पहिल्यापासून सुरू. दर चार दिवसांनी डागडुजी करणाऱ्याचं कॅम्पेन कधी शिकून बाहेरच पडत नाही.

खरंच बिघाड आहे का?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. समजा, तुमच्याकडे आठवड्याला सरासरी ५ चौकशा येतात आणि त्या एकमेकींशी संबंध नसताना, आपापल्या वेळी येतात. अशा ठिकाणी काहीही न बिघडता साधारण दर आठ आठवड्यांतून एकदा २ किंवा त्याहून कमी चौकशा येतील. जवळपास तितक्याच वेळा ८ किंवा त्याहून जास्त येतील. हे साधं संभाव्यतेचं गणित आहे. त्यात जाहिरातीचा दोष नाही आणि कर्तृत्वही नाही.

यातूनच एक फसवा अनुभव तयार होतो. वाईट आठवडा गेला, फोटो बदलला, पुढचा आठवडा बरा गेला. फोटो बदलला नसता तरी तो बराच जाण्याची शक्यता जास्त होती. पण श्रेय फोटोला मिळतं आणि पुढच्या वाईट आठवड्यात पुन्हा फोटोच बदलला जातो. चौकशा कमी येणाऱ्या व्यवसायाने आठवडा-आठवड्याची तुलना करूच नये. चार आठवडे एकत्र धरून आधीच्या चार आठवड्यांशी ताडून पाहावं. तरीही घट स्पष्ट दिसत असेल तर पुढे वाचा.

चौकशी येते, पण तुमच्यापर्यंत पोहोचत नाही

पहिला संशय इथे घ्यायचा, कारण इथला बिघाड दिसत नाही. स्वतःची जाहिरात किंवा पोस्ट दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडा. ऑफिसच्या वाय-फायवर नाही, मोबाईल डेटावर. लिंक इन्स्टाग्रामच्या आतूनच दाबा, म्हणजे ती ॲपच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये उघडेल. तुमचे ग्राहक तिथूनच येतात. फॉर्म पूर्ण भरा, पाठवा आणि तो तुमच्याकडे कुठे, किती वेळाने येतो ते पाहा.

सगळ्यात जास्त सापडणारा बिघाड मेलचा. साइटवरचा फॉर्म भरला की तुम्हाला जो मेल येतो तो साइटचा सर्व्हर पाठवत असतो. अनेक ठिकाणी फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘प्रेषक’ म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता घातलेला असतो, उत्तर देणं सोपं जावं म्हणून. पण त्या पत्त्याच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार तुमच्या सर्व्हरला नाही. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरंच त्या पत्त्याच्या डोमेनकडून आलाय का हे पाहणाऱ्या तपासण्या नेमक्या हेच पकडण्यासाठी आहेत. मेल स्पॅममध्ये जातो किंवा वाटेतच नाकारला जातो, आणि फॉर्म भरणाऱ्याला मात्र पडद्यावर ‘धन्यवाद’ दिसतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक केले. त्यामुळे आधी वर्षानुवर्षं चालणारा फॉर्म मध्येच मुका होऊ शकतो.

दुरुस्ती अशी: प्रेषकाच्या जागी तुमच्याच डोमेनचा पत्ता ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये टाका. साइट वर्डप्रेसवर असेल तर मेल सर्व्हरच्या मर्जीवर न सोडता एसएमटीपी प्लगइनमार्फत (मेल पाठवण्यासाठी साइटला जोडायची सोय), खऱ्या मेल खात्यातून पाठवा. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी आहेत का हे होस्टिंगवाल्याकडून तपासून घ्या. शिवाय भरलेले फॉर्म मेलशिवाय आणखी कुठेतरी साठलेच पाहिजेत. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हा लोकप्रिय प्लगइन स्वतःहून काहीच साठवत नाही. त्याच्यासोबत फ्लेमिंगो हा दुसरा प्लगइन बसवावा लागतो. तो नसेल आणि मेल हरवला, तर ती चौकशी कायमची गेली.

साइट न वापरता मेटाचाच इन्स्टंट फॉर्म (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आतच उघडणारा) वापरत असाल तर भानगड वेगळी. भरलेली माहिती मेटाच्या लीड्स सेंटरमध्ये पडून असते (लीड म्हणजे अशी नोंदवलेली चौकशी). सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) जोडलेला नसेल आणि तिकडे कोणी पाहत नसेल, तर ती तिथेच राहते, आणि ९० दिवसांनंतर डाउनलोडही करता येत नाही. ‘लीड १४’ असा आकडा अहवालात दिसतोय आणि ऑफिसमध्ये कोणालाच फोन नंबर माहीत नाहीत, हे चित्र वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी दिसतं.

व्हॉट्सॲपची थेट चॅट उघडणारी लिंक असेल तर तिच्यातला नंबर नीट पाहा. देशाचा कोड हवा, पण त्याच्या आधी अधिकचं चिन्ह, शून्य, मध्ये आडव्या रेघा किंवा कंस यातलं काही नको. एक शून्य जास्त पडलं की लिंक उघडते आणि नंबर अस्तित्वात नसल्याचा निरोप देते. अहवालात मात्र तो क्लिक पक्का धरलेला असतो.

आकडा कशाचा आहे?

पोहोचण्याचा मार्ग ठीक निघाला तर मग अहवालाकडे वळायचं. मेटाच्या तक्त्यात तीन आकडे शेजारी शेजारी लावा: ‘क्लिक्स (ऑल)’, ‘लिंक क्लिक्स’ आणि ‘लँडिंग पेज व्ह्यूज’. पहिल्यात लाइक, कमेंट, पेजच्या नावावरचा टिचका असं सगळंच येतं. ‘क्लिक भरपूर आहेत हो’ असं सांगणारे कित्येक जण हाच आकडा वाचत असतात. दुसरा म्हणजे लिंकवर झालेले क्लिक, आणि तिसरा म्हणजे प्रत्यक्ष पान उघडल्याच्या नोंदी. दुसरा आणि तिसरा यांत मोठी दरी असेल तर कारणं तीनच: पान उघडायला वेळ लागतो आणि लोक परत फिरतात, क्लिक चुकून पडतात, किंवा पानावरचा पिक्सेल, म्हणजे भेटी मोजणारा मेटाचा कोड, नीट बसलेला नाही.

गुगल ॲड्समध्ये वेगळा चकवा आहे. तिथे कन्व्हर्जन (तुम्हाला हवी ती कृती, जसं फॉर्म भरणं) नेहमीच्या रकान्यात ज्या दिवशी क्लिक झाला त्या दिवसाच्या नावावर जमा होतं, फॉर्म भरला त्या दिवसाच्या नाही. तुमचा ग्राहक विचार करायला सहा दिवस घेत असेल, तर शेवटच्या आठवड्याचे आकडे कायम पडलेलेच दिसणार. ते नंतर भरून निघतात. पण घाबरून आठव्या दिवशी कॅम्पेन बदलणाऱ्याला हे कधी कळतच नाही. गुगल ॲनालिटिक्स (साइटवरच्या भेटी मोजणारं गुगलचं साधन) तीच घटना ती घडली त्या दिवशी दाखवतं, म्हणून दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. ते जुळवण्याच्या नादी लागू नका. रोजचा निर्णय घ्यायला एकच अहवाल ठरवा आणि दुसरा फक्त दिशा ताडायला ठेवा.

आकडे फुगण्याचीही कारणं असतात. ‘धन्यवाद’ पान पुन्हा लोड केलं की दुसऱ्यांदा मोजणी होते. चौकशीसाठी गुगलमध्ये मोजणी ‘प्रत्येक’ऐवजी ‘एक’ अशी हवी. मेटावर पिक्सेल आणि कन्व्हर्जन्स एपीआय (तीच माहिती तुमच्या सर्व्हरवरून थेट मेटाला पाठवणारी जोडणी) दोन्ही चालू असतील तर दोन्हीकडून येणाऱ्या घटनेचं नाव आणि इव्हेंट आयडी तोच असला पाहिजे, नाहीतर एकाच माणसाचे दोन होतात. उलट बाजूला, एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून आयफोनवर ॲपला मागोवा घेण्यासाठी परवानगी मागावी लागते. परवानगी न देणाऱ्यांच्या काही चौकशा जाहिरातीच्या खात्यावर दिसतच नाहीत. म्हणून ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा प्रश्न फोनवर विचारण्याची सवय आजही उपयोगी पडते.

लिंकला यूटीएम टॅग (भेट कुठून आली हे सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडलेली खूण) लावत असाल तर एक किरकोळ पण छळणारी गोष्ट: इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं तिथे वेगळी धरली जातात. एकाने फेसबुकचं पहिलं अक्षर मोठं लिहिलं आणि दुसऱ्याने लहान, तर अहवालात दोन वेगळे स्रोत तयार होतात आणि दोन्ही कमजोर वाटतात.

कोण क्लिक करतंय?

आता कॅम्पेनकडे पाहायला हरकत नाही, पण अजून बदलायचं नाही. पहिली गोष्ट उद्दिष्ट. मेटाला ‘ट्रॅफिक’ हे उद्दिष्ट दिलं तर ते क्लिक करणारी माणसं शोधून आणतं, आणि मागितलं तेच देतं. ही माणसं दिसेल त्यावर टिचकी मारतात आणि पुढे जातात. चौकशी हवी असेल तर उद्दिष्ट ‘लीड्स’ किंवा ‘सेल्स’ हवं. ते घेतल्यावर प्रत्येक क्लिक महाग पडतो आणि इथे लोक दचकून मागे फिरतात. बघायचा खर्च दर चौकशीचा आहे, दर क्लिकचा नाही.

दुसरी गोष्ट, जाहिरात दिसते कुठे. ‘ब्रेकडाउन’मधून प्लेसमेंटनुसार, म्हणजे दिसण्याच्या जागेनुसार, आकडे काढा. ऑडियन्स नेटवर्क, म्हणजे मेटाबाहेरची ॲप्स आणि गेम्स, इथून क्लिकचा ढीग येत असेल आणि चौकशी शून्य असेल, तर जाहिरात बंद करण्याच्या धडपडीत पडलेल्या बोटांचे पैसे तुम्ही मोजताय. ट्रॅफिक उद्दिष्ट आणि ऑडियन्स नेटवर्क ही जोडी विशेष खर्चिक.

गुगलवर तीन जागा तपासा. सर्च कॅम्पेनमध्ये डिस्प्ले नेटवर्कवर (इतरांच्या साइट आणि ॲपवर जाहिरात दाखवण्याच्या पर्यायावर) टिक राहिली आहे का? ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मूळ पर्याय ‘प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट’ असतो. म्हणजे तुमच्या भागात नसलेल्या, पण त्या भागात रस दाखवणाऱ्या लोकांनाही जाहिरात दिसते. सेवा ठरावीक परिसरातच देत असाल तर नुसतं ‘प्रेझेन्स’ निवडा. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची जागा: सर्च टर्म्सचा अहवाल. तुम्ही कोणता कीवर्ड (ज्या शोधावर जाहिरात दाखवायची तो शब्द) घातला ते विसरा, लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं ते तिथे वाचा. ब्रॉड मॅच (कीवर्डशी दूरचा संबंध असलेल्या शोधांवरही जाहिरात दाखवणारा पर्याय) असेल तर ‘फुकट’, ‘नोकरी’, ‘घरच्या घरी कसं करायचं’, ‘म्हणजे काय’ असे शोध हमखास सापडतात. हे निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या यादीत, टाकायचे. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द आपणहून ओळखत नाहीत. एकवचन-अनेकवचनही वेगवेगळं घालावं लागतं. हे काम एकदा करून संपत नाही. नवे शोध रोज येतात, म्हणून ही गळती महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उघडते. ‘पुन्हा पुन्हा तेच’ या तक्रारीचं मूळ गुगलवर मला सर्वांत जास्त वेळा याच अहवालात दिसलेलं आहे.

तिथेच ‘चेंज हिस्टरी’ही उघडा. शिफारशी आपोआप लागू करण्याची सोय चालू असेल तर कीवर्ड आणि बोलीची (क्लिकसाठी किती पैसे लावायचे याची) पद्धत तुमच्या नकळत बदललेली असू शकते. ‘आम्ही काहीच केलं नाही’ हे तेव्हा अगदी खरं असतं.

पान

पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग तपासणाऱ्या साधनात पानाचा पत्ता टाका आणि मोबाईलचा निकाल वाचा. वरच्या भागात खऱ्या भेट देणाऱ्यांच्या मागच्या २८ दिवसांच्या नोंदी असतात, त्यांना वजन द्या. खालचा शंभरपैकी गुण हा प्रयोगशाळेतला आहे, त्याचा पाठलाग करू नका. पानावरचा मुख्य भाग दिसायला लागणारा वेळ चारांपैकी तीन भेटींत २.५ सेकंदांच्या आत असावा ही गुगलने घालून दिलेली मर्यादा. ती ओलांडायला बहुतेकदा एक अवजड फोटो पुरेसा असतो.

वेग ठीक असेल तर जाहिरातीत जे म्हटलंय तेच पान उघडल्यावर, बोटाने वर न सरकवता दिसतं का? जाहिरात एका सेवेची आणि लिंक मुखपृष्ठाची, ही जुनी सवय अजून सुटलेली नाही. लहान पडद्यावर कुकीची पट्टी किंवा चॅटचा गोळा नेमका ‘पाठवा’ बटणावर येऊन बसतो का, तेही पाहा. फोन नंबर टिचकी मारल्यावर लागला पाहिजे. नंबर फोटोत लिहिलेला असेल तर तो लागणार नाही.

आणि जाहिरातच थकली असेल तर?

असंही होतं. पण ते ओळखायची खूण आहे. फ्रीक्वेन्सी, म्हणजे एकाच माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली, ती चढत जाते. त्याच काळात लिंकवर क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण उतरतं आणि हजार वेळा दाखवण्याचा खर्च वाढतो. पानावर आलेल्यांपैकी फॉर्म भरणाऱ्यांचं प्रमाण मात्र पूर्वीसारखंच राहतं. हे चारही एकत्र दिसले तर क्रिएटिव्ह बदला, आणि नुसता रंग नाही तर मुद्दाच बदला. नाहीतर लोकांना ती तीच जाहिरात वाटते.

क्लिकचं प्रमाण तसंच आहे आणि फॉर्म भरणारे घटलेत, तर जाहिरात निर्दोष आहे. पानावर काहीतरी बदललंय, किंवा स्पर्धकाने अधिक चांगलं काही देऊ केलंय. आणि क्लिकचं प्रमाण अचानक वाढून फॉर्म घटले असतील तर आनंद मानू नका. प्लेसमेंट किंवा शोधशब्द घसरलेत, दोन विभाग मागे जा.

प्रेक्षक फार छोटा असेल, उदाहरणार्थ फक्त साइटला भेट देऊन गेलेले, तर थकवा लवकर येतो. तिथे बजेट वाढवणं म्हणजे त्याच त्याच माणसांना जाहिरात आणखी वेळा दाखवणं. बजेट कमी असताना पाच ॲड सेट चालवत असाल, तर कोणालाच आठवड्याचे ५० निकाल मिळत नाहीत आणि सगळ्यांवर ‘लर्निंग लिमिटेड’ असा शिक्का बसतो. त्यांचा एक ॲड सेट करा. तरीही आकडा गाठत नसेल तर खरेदीऐवजी एक पायरी आधीची घटना निवडा, जशी चौकशीचा फॉर्म. बदल कराल तो एका वेळी एकच, आणि तारखेसह कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या वेळी ओघ आटला की पहिल्यांदा ती नोंद उघडायची.

चौकशा येतात, पण पोकळ

याला मी वेगळा आजार मानतो, तरी तक्रार ‘ऑनलाइन जाहिरातीतून काही मिळत नाही’ अशीच येते. मेटाच्या इन्स्टंट फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरलेले असतात आणि ‘मोअर व्हॉल्यूम’ प्रकारात दोन टिचक्यांत फॉर्म जातो. माणसाला आपण काय पाठवलं हेही कधी कधी आठवत नाही. ‘हायर इंटेंट’ निवडला की पाठवण्याआधी तपासून पाहायची एक पायरी वाढते. त्यात स्वतः टाइप करून उत्तर द्यावं लागेल असा एक प्रश्न घाला. फॉर्म कमी येतील, पण फोन उचलणारे वाढतील. फोन मात्र लगेच करायचा. सकाळच्या फॉर्मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करणाऱ्याने लीडच्या दर्जाबद्दल बोलू नये.

यातलं कोण खरं गिऱ्हाईक झालं ही माहिती यंत्रणेला परत द्या. गुगल ॲड्समध्ये ऑटो-टॅगिंग चालू असेल तर जाहिरातीवरून आलेल्या बहुतेक क्लिकच्या पत्त्यात ‘जीक्लिड’ नावाची ओळख असते. फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना करून ती साठवली, की सौदा पक्का झाल्यावर तेवढेच क्लिक ‘ऑफलाइन कन्व्हर्जन’ म्हणून वर चढवता येतात. मेटावर हेच काम कन्व्हर्जन्स एपीआयमधून होतं. मात्र क्लिकला ९० दिवस उलटून गेले की गुगल ते कन्व्हर्जन स्वीकारत नाही. ज्यांचा सौदा याहून लांबतो त्यांनी ‘भेट ठरली’ किंवा ‘दरपत्रक मागितलं’ अशी मधली पायरी पाठवावी.